आवाज घरातला, रस्त्यावरचा आणि रंगमंचावरचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी नाटकात ध्वनी सांभाळणाऱ्याला नाशिकमध्ये दोन प्रकारची माणसं गाठतात. एक, नव्याने नाटकाला लागलेली कॉलेजची मुलं. त्यांना ढगांचा गडगडाट हवा असतो. दुसरे शेजारीपाजारी, त्यांना मांडवातला गडगडाट बंद करून हवा असतो. दोघांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रम मुद्दाम लावलेला नाही, हवा तो प्रश्न वाचा.

कुकरच्या शिट्टीचा त्रास होत नाही, मग वरच्या मजल्यावरच्या ड्रिलचा एवढा का होतो?

शिट्टी किती वेळा होणार हे तुम्हाला ठाऊक असतं आणि गॅसचं बटण तुमच्या हातात असतं. ड्रिल कधी सुरू होणार, कधी थांबणार, थांबल्यावर पुन्हा सुरू होणार का, यातलं काहीच माहीत नसतं. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी असली तरी डोकं ड्रिलनेच उठतं.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास यावर प्रयोग केले. लोकांना अवेळी, बेभरवशाचा गोंगाट ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीसुद्धा नंतरच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या आणि चिकाटी जास्त टिकली. आवाज थांबवता येतो एवढं माहीत असणं पुरलं.

नाटकात आम्ही नेमकं हेच करतो. संहितेच्या समासात प्रत्येक आवाजाची जागा लिहिलेली असते: कुठल्या वाक्यावर सुरू, कुठे हळू, कुठे बंद. सोसायटीत फ्लॅटचं काम काढणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की लिफ्टजवळ कागद चिकटवा: ‘मंगळवार ते गुरुवार, ११ ते १, भिंत फोडणार.’ भिंत तेवढीच फुटते, भांडणं निम्मी होतात.

डेसिबल म्हणजे काय? ६० आणि ७० मध्ये फारसा फरक नाही ना?

खूप आहे. डेसिबलची पट्टी साध्या फूटपट्टीसारखी चालत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ३ डेसिबल वाढले तर ऊर्जा दुप्पट, पण कानाला फरक जेमतेम कळतो.

यातून ढोलपथकांबद्दलची एक गंमत निघते. एका ढोलाशेजारी तेवढाच दुसरा ढोल उभा केला तर वाढतात फक्त ३ डेसिबल. दहा ढोल म्हणजे १० जास्त, शंभर ढोल म्हणजे २० जास्त. शंभर ढोलांचं पथक एका ढोलाच्या शंभरपट मोठं वाटत नाही, साधारण चौपट वाटतं. ‘यंदा आपले वीस ढोल जास्त’ ही चुरस डोळ्यांसाठी ठीक आहे, कानांना त्याचा हिशेब लागत नाही.

अंदाजासाठी: कुजबुज ३० च्या आसपास, नेहमीचं बोलणं ६०. उघड्यावर, आवाजाचा उगम एका ठिकाणी असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ६ डेसिबल कमी होतात.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर विश्वास ठेवावा का?

तुलनेसाठी ठेवा, पुराव्यासाठी नको. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठ्या आवाजात तो हात टेकतो आणि खर्जातला आवाज कमी दाखवतो. कारवाईसाठी तपासून घेतलेलं यंत्रच लागतं.

मिरवणुकीत ढोल वाजवतो. कान खराब होतील का?

प्रश्न किती जोरात याचा आहे, तितकाच किती वेळ याचा. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेतली ‘नायॉश’ ही संस्था जे कोष्टक वापरते, त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. ताशाशेजारी उभं राहिलात तर तुमच्या वाट्याची मिनिटं मिरवणूक पहिल्या चौकात पोचण्याआधीच संपलेली असतात.

नाशिक ढोलाची ख्याती आता देशभर आहे आणि कुणी ढोल वाजवू नये असं मी म्हणणार नाही. पण तीन गोष्टी करा. फोमचे बोळे वापरा. ते नीट वळून, कान किंचित वर ओढून आत घालायचे, नुसते टेकवले तर उपयोग नाही. ताशावाल्यांनी तर घालाच, कारण ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची जलद तडतड, वरच्या पट्टीतली असते आणि आतल्या कानाचा वरच्या पट्टीचा भाग आधी निकामी होतो. आणि सरावाच्या मधल्या विश्रांतीत स्पीकरवर गाणी लावू नका, ती कानांची विश्रांती नसते.

रात्री घरी गेल्यावर कानात ‘कुंईं’ वाजत असेल, बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत असेल, तर कान थकलेत. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत. दोन दिवसांत उतरलं नाही, किंवा एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उशीर महागात पडतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये उभं राहणाऱ्यांना आणि पितळी-तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांना हे कोष्टक अधिकच लागू, कारण त्यांची मिरवणूक रोज असते. आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे.

डीजे दोन गल्ल्या पलीकडे आहे. दारं-खिडक्या लावल्या तरी धडधड येतेच. का?

खर्जातला आवाज भिंतीला जुमानत नाही. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. तिला अडवायला जाड, वजनदार भिंत लागते. काच, पडदा, थर्माकोल यांनी गाण्याचे शब्द अडतात, धडधड तशीच आत येते. म्हणून तर घरात शब्द न कळणारं, नुसता ठेका असलेलं गाणं ऐकू येतं. याचा उपाय खिडकीवर होत नाही, तिकडच्या ॲम्प्लिफायरवरच व्हावा लागतो.

मग कायदा काय म्हणतो? तक्रार कुठे करायची?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे मुख्य नियम. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रासाठी (रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या आसपासचा भाग) ५० आणि ४०. हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे असतात, एखाद्या क्षणाचे नव्हेत. मेन रोडला संध्याकाळी उभं राहून ‘बघा, ५५ च्या वर गेलं’ म्हणण्यात अर्थ नाही.

रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर आणि वाद्यं बंद. बंदिस्त नाट्यगृह, सभागृह यांना आतल्या आत मुभा आहे, त्यामुळे रात्रीचे प्रयोग होऊ शकतात. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात, मंडळाने आपल्या मनाने ठरवायचे नसतात. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, हे सांगितलं की लोक हसतात.

तक्रारीसाठी ११२ वर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. ठिकाण, वेळ आणि आवाज कशाचा हे एका दमात सांगता आलं पाहिजे. आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग असेल, तर तक्रार करण्याचा हक्क नियमातच दिला आहे. फोन करण्याआधी एकदा मंडळाच्या पोरांशी बोलून पाहावं असं माझं मत. पण ते दुपारी. रात्री साडेअकराला कुणाचंच ऐकू येत नसतं.

थंडीत रात्री रेल्वेचा भोंगा नाशिकच्या उपनगर, द्वारका या भागांपर्यंत ऐकू येतो. दिवसा का नाही?

दिवसा रहदारीत तो बुडतो, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं हवेत आहे. आवाज गरम हवेत वेगाने आणि थंड हवेत सावकाश जातो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्यात रात्री उलटं: जमीन गार पडते, थंड हवेचा थर खाली बसतो, वर त्या मानाने ऊबदार थर राहतो. मग वर गेलेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. निफाडपासून नाशिकपर्यंत डिसेंबर-जानेवारीत पारा जो खाली उतरतो, त्याने द्राक्षबागायतदाराची झोप उडते आणि आपल्याला नाशिकरोडची गाडी ऐकू येते.

आभाळ निरभ्र, तरी खिडकीची तावदानं थरथरली. भूकंप होता का?

घाबरण्याआधी दिशा बघा. देवळालीला लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्या बाजूला गोळीबाराचा सराव चालतो. तोफेच्या आवाजात कानाला धड ऐकू न येणारा खोल खर्ज असतो. तो तावदानांना कळतो. ओझरकडची घरघर असेल तर एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्यातून उडालेलं लढाऊ विमान.

आमच्या गल्लीतली डीपी सतत गुणगुणते. धोकादायक आहे का?

एकसुरी गुणगुण स्वाभाविक आहे. वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि दर फेरीत ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा सूक्ष्म ताणला जातो, म्हणून १०० हर्ट्झचा सूर निघतो. तडतड, ठिणग्या किंवा अचानक बदललेला आवाज असेल तर मात्र वीज कंपनीला लगेच कळवा.

हीच वीज नाट्यगृहात स्पीकरमधून घुमते. माइकची केबल आणि लाइटच्या डिमरची (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) केबल एकमेकींना चिकटून शेजारी-शेजारी टाकली की संवादांखाली ‘घूं’ सुरू. केबली वेगळ्या काढा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. ध्वनीची सगळी यंत्रं एकाच वीजजोडणीवर घ्या. निम्मा त्रास इथेच संपतो.

रेकॉर्डिंग नव्हतं तेव्हा नाटकात ढग कसे गडगडायचे?

पत्र्याने. आजही याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. जस्ताचा सपाट पत्रा घ्या, साधारण तीन फूट बाय सहा फूट. फार जाड घेतलात तर हलत नाही, फार पातळ घेतलात तर डबा वाजल्यासारखा वाजतो. दुकानातच उभा धरून हलवून बघा, दुकानदार काय म्हणेल ते म्हणू द्या. वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी ठोकून विंगेत दोरीने टांगा. खालच्या कडेलाही पट्टी, म्हणजे हाताला धरायला जागा होते आणि बोटं कापत नाहीत. उरलेल्या कडांना चिकटपट्टी लावा.

आता वाजवणं. नवखा माणूस पत्रा धरून गदागदा हलवतो आणि पत्रा पत्र्यासारखाच वाजतो. खालची पट्टी दोन्ही हातांत धरा, मनगटातून एक झटका द्या आणि थांबा. लाट वर जाऊन परत येऊ द्या. ती हाताला जाणवते. परत आली की दुसरा, हलका झटका. गडगडाट पत्राच करतो, तुम्ही त्याला फक्त मोडता घालायचा नाही. संपवताना हात पत्र्यावर सपाट टेकवू नका, गुडघ्याने हळूच दाबत आणा. शेवट कापल्यासारखा येत नाही.

इंग्लंडात ब्रिस्टलच्या अठराव्या शतकातल्या नाट्यगृहात छतावर लाकडी पन्हळ आहे, तिच्यातून लोखंडी गोळे घरंगळत सोडत. सगळा प्रेक्षागार वरून हादरायचा. आपल्याकडे कुणी हे करून पाहू नये, आपली छतं आपल्याला माहीत आहेत.

आणखी एक. वीज चमकणं आणि गडगडणं यांत अंतर ठेवा. आवाज एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. प्रकाश चमकला आणि त्याच क्षणी पत्रा वाजला तर वीज घरावरच पडली. पात्र शांतपणे चहा ओतत असेल तर दोन सेकंद थांबा. प्रकाशवाला आणि ध्वनीवाला यांचं जमलेलं असेल तर पहिल्या अंकात चार सेकंद, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात शून्य, असं वादळ जवळ आणता येतं. प्रेक्षक मोजत नाहीत, पण त्यांना कळतं.

पाऊस, घोडा, थप्पड वगैरे?

पाऊस: सुपात हरभऱ्याची डाळ फिरवा. रिमझिम हवी असेल तर बाजरी वर्तमानपत्रावर सोडा. लाटांसाठी मोठी परात आणि वाटाणे, परात सावकाश कलती करायची. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी: फरशीवर आपटल्या तर डांबरी रस्ता, वाळूच्या ट्रेमध्ये आपटल्या तर माती. हाड मोडायचं तर ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून मोडा. आग हवी तर भेटवस्तूवरचा चकचकीत कागद माइकजवळ चुरगळा. थप्पड मारणाऱ्याने मारायचीच नाही. खाणारा मान फिरवताना प्रेक्षकांना न दिसेल अशी टाळी वाजवतो.

हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं. कशाला डाळ सांडायची?

वापरा की. मीही वापरतो. पण दोन गोष्टी फाइलमध्ये मिळत नाहीत.

पहिली, वेळ. रेकॉर्ड केलेलं दार साडेतीन सेकंदांत करकरतं. तुमचा नट एखाद्या दिवशी पाच सेकंद घेतो. विंगेत जुनी बिजागरी हातात धरून बसलेला मुलगा नटाकडे बघत बघत करकरवतो, त्या दिवशीचं दार त्या दिवशीइतकंच उघडतं.

दुसरी, जागा. टेलिफोन रंगमंचावर डाव्या कोपऱ्यात आणि घंटी प्रेक्षागाराच्या दोन्ही स्पीकरमधून. नट फोनकडे धावतो, प्रेक्षक वर बघतात. उपाय सोपा आहे: एक लहानसा स्पीकर फोनखालच्या टेबलात लपवा. आवाज अपुरा पडत असेल तर मोठ्या स्पीकरमधूनही द्या, पण १५-२० मिलिसेकंद उशिराने आणि जरा हळू. जो आवाज आधी पोचतो तिकडूनच सगळा आला असं कान मानतो. मिक्सरवर ‘डिले’ असतो तो याचसाठी, नुसता गाण्यात घुमारा आणायला नव्हे.

तालमीला रिकाम्या नाट्यगृहात सगळं स्वच्छ ऐकू आलं. प्रयोगात मागच्या रांगा ‘आवाज, आवाज’ ओरडल्या. काय चुकलं?

रिकाम्या खुर्च्यांवर माणसं बसली, एवढंच. कपडे घातलेला माणूस आवाज चांगलाच शोषतो. हार्वर्डचे वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून एका वाईट व्याख्यानगृहात रात्री-रात्री बसून, खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करत, घुमणं किती सेकंद टिकतं ते मोजलं. सभागृहांचं आजचं शास्त्र तिथून सुरू झालं. नाटकाला घुमणं एका सेकंदाच्या आसपास असावं, वाद्यवृंदाला दोन चालतं.

कालिदास कलामंदिर असो की परशुराम साईखेडकर नाट्यगृह, रंगीत तालमीला पंधरा-वीस माणसं तरी मागच्या रांगांत बसवा. नटांना सांगा, शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी तुला कधीच सोडणार...’ एवढंच मागे पोचलं तर तिथला प्रेक्षक वेगळंच नाटक बघत असतो.

आणि संवादांखालचं पार्श्वसंगीत कमी करा. भोवताली आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं. रविवार कारंजावरचे फेरीवाले एकमेकांवर चढत जातात ते याच नियमाने. नटाचंही तेच होतं: खाली सतार वाढली की हळवा प्रसंग ओरडून म्हटला जातो, मग दिग्दर्शक नटावर ओरडतो.

मूकपट खरंच मूक असायचे?

पडदा मूक, थिएटर नव्हे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि पुढे बिऱ्हाड नाशिकला आणलं. त्या काळात पडद्याखाली पेटी-तबला घेऊन वादक बसत, कुठे कथा सांगणारा माणूस असे, आणि ज्यांना वाचता येई ते शेजाऱ्यासाठी पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि त्या वादकांचं काम हळूहळू गेलं.

रंगमंचावर शांतता कशी दाखवायची?

आधी काहीतरी वाजत ठेवा. घड्याळ, पंखा, लांबचे रातकिडे, इतकं हळू की पाच मिनिटांत प्रेक्षक ते विसरले पाहिजेत. मग हव्या त्या वाक्यानंतर बंद करा. एकदम नव्हे, पंखा थांबतो तसा. नुसतं गप्प बसलात तर प्रेक्षकांना खोकला येतो.

मोबाइल आणि वेफर्सच्या पिशवीचं काय करावं?

तिसऱ्या घंटेआधीच्या घोषणेचा उपयोग पहिल्या दहा मिनिटांपुरता. मध्यंतरानंतर पुन्हा करा, कारण फोन तेव्हा परत चालू झालेले असतात. फोन वाजलाच तर नटाने ओळ थांबवून तो बंद होऊ द्यावा आणि मागच्या वाक्यापासून धरावं. त्यावर विनोद करू नये. टाळी मिळते, प्रसंग जातो. पिशवी हळूहळू उघडणाऱ्या सज्जनांना विनंती: एका झटक्यात उघडा. सावकाश उघडल्याने आवाज कमी होत नाही, लांबतो.

नाशिकचे खरे आवाज नाटकासाठी रेकॉर्ड करायचे आहेत. कुठे आणि कसे?

रामकुंडावर पहाटे जा, नऊनंतर माणसांचा कल्ला पाण्यावर चढतो. भांडी बाजार दुपारी. द्वारकेचा चौक कधीही, तिथे हॉर्नला सुट्टी नसते. नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयातली. तसला घंटानाद हवा असेल तर माइक घंटेच्या तोंडाखाली धरू नका. दहा-पंधरा पावलं मागे या, टोल्यानंतरची घुमण तिथे नीट मिळते.

फोन चालेल, पण माइकवर फोमची टोपी किंवा जाड मोजा चढवा, नाहीतर नदीकाठचा वारा फरफरतो. पातळी मुद्दाम कमी ठेवा. कमी घेतलेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. दर ठिकाणी नुसता परिसराचा आवाज दोन मिनिटं सलग घ्या, जोडकामाला लागतो. देवळात आणि दुकानात आधी विचारा. आणि घरी आल्याबरोबर फाइलला ठिकाण, तारीख, वेळ असं नाव द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ मध्ये काय आहे हे प्रयोगाच्या दिवशी कुणालाच आठवत नसतं.